डाव्या पंखावरची शिवण

सुज्ञ वाचकहो, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून ओहायोपर्यंत केवळ स्त्रियांनी उडविलेल्या विमानांच्या एका शर्यतीचा वृत्तान्त आपणांपुढे यथामती सादर करीत आहे. यात काहीही दडविलेले नाही. एक गोष्ट मात्र अगदी शेवटी सांगण्याचे योजिले आहे.

वाटेतल्या युमाच्या तळावर सूर्योदयाच्या सुमारास लिओटा ब्रँडवोल्ड आपल्या विमानाच्या डाव्या पंखापाशी स्तब्ध उभी होती. आदल्या संध्याकाळी पाहावयास लोटलेल्या गर्दीने रीतीप्रमाणे पंखावर पेन्सिलीने आपापली नावे लिहिली होती, आणि लिहिता लिहिता पंखाच्या ताणलेल्या कापडास पाच भोके पाडली होती. एके ठिकाणी तर कापड वीतभर फाटले होते. पहाटे उठून शिवू, असे ठरवून लिओटा थकून झोपी गेली होती.

आता तेथे एकही भोक उरले नव्हते. बारीक, एकसारखे टाके मुंग्यांच्या रांगेप्रमाणे चालले होते, आणि त्यांवर रोगणही वाळले होते.

"अगं, किती वेळ बघशील? विमान आहे ते, आरसा नव्हे!" मागून झेल्डा क्राउदर म्हणाली. झेल्डाचे विमान वेगवान होते, आणि जीभ त्याहून वेगवान. तिच्या कोटाचे वरचे बटण पहिल्याच दिवशी तुटले होते. तेथे तिने सेफ्टी पिन खोचली होती.

"काही नाही गं," लिओटा म्हणाली.

परंतु ही परक्या हातची दुरुस्ती तिला महागात पडू शकली असती. शर्यत पुरी केली, तर गावाजवळची वैमानिक शाळा तिला शिक्षिका म्हणून घेणार होती. पहिला क्रमांक नको, दहावा चालेल. फक्त शेवटच्या तळावरचा शिक्का हवा. तो न मिळाल्यास पुन्हा टेलिफोनच्या कोंदट खोलीत दिवसभर इतरांच्या तारा जोडीत बसणे तिच्या नशिबी होते.

ती वेळनोंदणीच्या टेबलापाशी गेली. तेथे एन्सवर्थ पिकेट नावाचे वृद्ध गृहस्थ बसत. पंचांच्या विमानातून ते प्रत्येक मुक्कामी आधीच पोहोचत. स्वभाव रूक्ष, बोलणे मोजके. उजव्या तळहातास चामड्याचा जाड पट्टा बांधलेला असे. जुनी दुखापत असावी, असा सर्वांचा समज होता. त्यांच्या अंगास मेणाचा वास येई.

"पिकेटसाहेब, कोणी न विचारता माझं विमान दुरुस्त केलं, तर?"

"स्पर्धक बायकांखेरीज कोणाचाही हात दुरुस्तीला लागला, तर विमान बाद," पिकेट वर न पाहता उत्तरले.

"चांगल्या हेतूने लागला, तरी?"

"नियमात हेतू लिहिलेला नाही, बाई."

एवढे बोलून त्यांनी तिच्या मुक्कामनोंदीच्या चिठ्ठीवर त्या तळाचा शिक्का मारला. तो उलटा उमटला.

एल पासोच्या मुक्कामी तेच घडले. नावे, भोके आणि सकाळी मुंग्यांची रांग. विचिताला तिने विमानाखाली बसून पहारा करण्याचा निश्चय केला. पण दिवसभराच्या उन्हाने आणि स्वागतमंडळाने आग्रह करकरून वाढलेल्या कोंबडीने तिला अशी गुंगी आली, की डोळे उघडले ते थेट उजाडल्यावर. अंगावर कोणीतरी घोंगडी घातली होती. पंख शिवलेला होता.

भीती तर होतीच. पण खरे सांगावयाचे, तर त्या टाक्यांकडे पाहून तिला बरेही वाटू लागले होते. वर एकटी असताना पंख थरथरे, आणि शिवण मात्र जागची हलत नसे.

ओहायोतल्या शेवटच्या तळावर, क्लीव्हलंडला, ती सातव्या क्रमांकाने उतरली. तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. पिकेटांनी शिक्का उचलला, इतक्यात मुख्य पंच पंखावरून बोट फिरवीत म्हणाले, "थांबा. ही शिवण मोठी कसबी दिसते. बाई, ही तुमची?"

एक खोटा शब्द पुरेसा होता. पण लिओटा म्हणाली,

"माझी नाही."

पिकेटांचा शिक्का हवेतच राहिला.

"माझी आहे!" गर्दीतून वाट काढीत झेल्डा पुढे आली.

"तुमची? तुम्ही तर हिच्या मागे आठव्या आलात! प्रतिस्पर्ध्याचा पंख शिवलात?"

"मग काय करू? हिचा पंख वाटेतच गळून पडला असता, तर मी मागं कोणाला टाकणार होते? तेही जमलं नाही, ते सोडा!"

लोक खो खो हसले. पंचांनाही हसू आवरेना. "स्पर्धकाने केली असेल, तर हरकत नाही. पिकेट, मारा शिक्का."

शिक्का इतक्या जोराने बसला, की टेबलावरची दौत कलंडली.

गर्दी पांगल्यावर लिओटाने झेल्डास मिठी मारली. "तू शिवत होतीस? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"मी?" झेल्डाने कोटाकडे बोट दाखविले. "मला सुई धरता आली असती, तर ही पिन आठ दिवस मिरवली असती का?"

"मग कोणी शिवलं?"

"कोणी का शिवेना! चल जेवायला. देवा, आज तरी कोंबडी नसू दे."

कोंबडीच होती. दोघींनी ती पोटभर खाल्ली.

वाचकांनी येथवर सोबत केली, त्याबद्दल त्यांचा ऋणी आहे, आणि झेल्डाबाईंचाही. शेवटी सांगावयाची राहिलेली गोष्ट म्हणजे लिहिणाराचे नाव. ते खाली दिले आहे.

आपला नम्र,
एन्सवर्थ पिकेट
(बत्तीस वर्षे ग्लॉस्टर बंदरात गलबतांची शिडे शिवणारा)