गेरूची रेघ

नाल्याचं पाणी ओट्याला लागलं, तसा शेजारचा नासिर मिस्त्री दारात येऊन ओरडला, "काकू, मागच्या मोठ्या पुरात पानी कुठवर आल्तं? सांगा ना जल्दी! लेकरं शाळेच्या माडीवर नेऊ का?" तो दोन वर्षांपूर्वीच गल्लीत आलेला, आणि त्या पुराच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी, कळंबला होते. पण आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर दर पुराची गेरूची रेघ आहे. पाणी ओसरलं की आमचे हे स्वतः ओढतात, शेजारी साल लिहितात. यंदा ती भिंत कापसामागे गेलेली. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून माणसाहून उंच ढीग पडून आहे, आणि त्यातल्या किड्यांमुळे आठ महिने आम्ही सगळे अंग खाजवतो आहोत. ढिगाला पाठ लावून हे म्हणाले, "गुडघाभर आल्तं. कायले घाबरून राह्यला?" बाहेर नासिरच्या गॅरेजमधला टायर तरंगत पुढे गेला. कुठल्या सालची रेघ कुठवर, ते मला नेमकं आठवेना, आणि धीरही निघेना. पदर खोचला आणि भिंतीकडचा कापूस दोन्ही हातांनी खाली ओढू लागले. "काहून ओढून राह्यली? भिजन ना तो!" हे ओरडले. गुडघ्यापर्यंत कापूस काढायची गरजच पडली नाही. रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती, शेजारी त्याच पुराचं साल, अन् अक्षर यांचंच. "नासिर, लेकरं घेऊन पळ!" तो पळाला. "तुमीबी चला आता," म्हणत मी वळले, तर हे घोटाभर पाण्यात उभे राहून रेघेवर पुन्हा कापूस दाबत होते.