पालथं मडकं

ज्वारीची बिअर आंबवायचं मडकं सासू गेल्यापासून पालथंच होतं. ठेवलं तर तिचे टोमणे आठवणार, विकलं तर गाव तोंडात शेण घालणार. नोमागुगुनं विकायचंच ठरवलं.

बिअर करणारीनं पहिला घोट सगळ्यांदेखत स्वतः घ्यायचा, म्हणजे विषाची शंका नको. सासू तर दरवेळी खेकसायची, "आधी तू पी, भवाने!" शेवटच्या दुखण्यात तेवढं तिला सुचलं नाही. नोमागुगुनंही आठवण करून दिली नाही.

गिऱ्हाईक म्हणून शेजारच्या मामखिझे आल्या. त्यांनी मडकं सुलटं केलं. "अगं, हे तर काठोकाठ भरलंय!"

आत ताजा फेस चुरचुरत होता. जमीन कोरडीठाक होती.

"मी नाही केली," नोमागुगु पुटपुटली.

मामखिझेंनी वाडगा भरून तिच्यापुढे धरला. त्यांचे ओठ मिटलेलेच होते.

"आधी तू पी, भवाने."