कळवतो

"मंजुश्री, कोडमधल्या फंक्शनला काम सांगताना आपण सोबत कम्प्लिशन क्लोजर कामून देताव? काम संपलं की त्यानं आपल्याला कळवावं म्हणून. तू काम झालं तरच कळवायलीस. फसलं की तुझं फंक्शन गप! मग ॲप वापरणारा बिचारा स्क्रीनवर फिरणाऱ्या चकलीकडं बघत म्हातारा होतो. नकार असला तरी कळवायचं, बाई."

नौबादच्या खोलीतून एकट्यानेच काम करणाऱ्या गिरिधरने ज्युनिअरला फोनवर एवढं झापलं आणि तो थबकला. हळ्ळीखेडची नेत्रा बघून आल्याला कित्येक महिने उलटले होते. तिचे वडील 'कळवतो' म्हणाले होते. तेव्हापासून तो आंघोळीलाही फोन सोबत नेत होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.

शेवटी त्यानेच हळ्ळीखेडला फोन लावला.

"अहो गिरिधरराव, आमी बी तुमच्याच फोनची वाट बघायलो होतो," नेत्राचे वडील म्हणाले. "निघताना तुमच्या आई बी 'कळवतो' म्हणाल्या की!"

"मग आता?"

"आता काय? मागच्या म्हैन्यात लगीन झालं तिचं. मांडवात जाईपर्यंत विचारायली होती, नौबादचा फोन आला का म्हणून."