गळ्याचं नको

थंडर बे शहरातल्या माझ्या दुकानात सिगारेटी कायद्याप्रमाणे बंद कपाटात असतात. हाकाला नावाचा म्हातारा रोज यायचा आणि दिलेलं पाकीट उलटून त्यावरचा इशाऱ्याचा फोटो बघायचा.

"गळ्याला भोक पडलेल्याचा फोटो नको गं डोना, सकाळी सकाळी! सडक्या पायाचं दे. पाय ठणठणीत आहेत माझे."

"आत माल तोच आहे रे," म्हणत मी बदलून द्यायचे.

एका हिवाळ्यात तो यायचा बंद झाला. आज सरकारने ठरवलेल्या नव्या फोटोंची पाकिटं आली. पहिल्याच पाकिटावरून गळ्याला भोक पडलेला हाकाला माझ्याकडे बघत होता.

समोरच्या पोरीने पाकीट परत सरकवलं. "ई! हा म्हातारा नको, पायाचं द्या."


मी बदलून दिलं.