कानबाईची नथ

माझ्या नातीला, हर्षदाला, पुढचं दिसतं. पंधरा वर्षांची पोर, पण पाहुणा अजून सुरतेबाहेर कामरेजला बसमध्ये असतो तेव्हाच ही चहाचं आधण ठेवते. शेजारच्या उषाबाईने मात्र 'डाकीण आहे ती' असं सुरतेतल्या आमच्या अख्ख्या लिंबायतभर पसरवलं, आणि पोरीच्या मैत्रिणी तुटल्या. तेव्हापासून माझ्या डोक्यात आग होती.

श्रावणात काशीबाईच्या घरी गल्लीची कानबाई, आम्हा खानदेशी लोकांची देवी, बसली. उषाबाईने हर्षदाला उंबऱ्यावरच अडवलं. मग काय! संध्याकाळी आरतीच्या गर्दीत मी कानबाईची नथ काढली, आणि गुपचूप उषाबाईच्या घरात शिरून तिच्या तिखटाच्या डब्यात खुपसली. एरवी ती बाई संडासालाही कुलूप लावते, पण त्या दिवशी तिचं मागचं दार नेमकं उघडं!

"नथ त्या डाकिणीनेच नेली!" देवीचं नाक रिकामं दिसताच उषाबाई ओरडली.

हर्षदाने उंबऱ्यावर बसल्या बसल्या डोळे मिटले. "नथ तुमच्याच तिखटाच्या डब्यात आहे, मावशी."

सगळी गल्ली धावली. नथ निघाली, लालभडक. उषाबाई शिंकत शिंकत शपथा घेत होती, पण ऐकतंय कोण! हर्षदाला बायांनी हाताला धरून थेट कानबाईशेजारी बसवलं.

घरी आल्यावर मी हळूच विचारलं, "खरं सांग गं, नथ लपवताना मला चोरून पाहिलंस, की खरंच दिसलं?"


"सकाळीच दिसलं, आजी. म्हणून तर मावशींच्या मागच्या दाराचं कुलूप काढून ठेवलं होतं."