धक्का स्टार्ट

मढच्या भगवंतभाऊंना जुन्या जीपमधला दिवा बंद करायची आठवण म्हणून राहायची नाही. रोज सकाळी बॅटरी उतरलेली. मग शेजारचे चौघं धक्का मारायचे आणि भाऊंच्या बायकोच्या, शीलावहिनींच्या ओट्यावर चहाला टेकायचे.

शेवटी डिप्लोमा झालेल्या लेकीनं, प्रज्ञानं, बल्ब काढून घरीच जोडलेले एलईडी बसवले. आता दिवा रात्रभर राहिला तरी जीप एका चावीत चालू! भाऊ लई खूश. ओटा मात्र आठ दिवस रिकामा.

नवव्या दिवशी बॅटरी पुन्हा डाऊन. धक्का झाला, टिंगल झाली, दोनदा चहा झाला.

"एलईडी असून उतरली कशी राव?" भाऊ डोकं खाजवत राहिले.

कपबशा गोळा करताना वहिनी लेकीच्या कानाशी लागल्या,

"रातभर जीपचा रेडिओ चालू ठिवला व्हता म्या. आवाज तेवढा बंद केला."