सोळा अंश

"मी बावीसवर नेलं, की हे मेलं पुन्हा सोळावर येतं!" भिंतीवरची, घराचं तापमान ठरवणारी काळी काच दाखवत मी बॉयलरवाल्या रोरीवर ओरडले. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या जानेवारीत घरात सोळा अंश म्हणजे चहासुद्धा कपातच गारठतो. तळघरातला, घर तापवणारा बॉयलर तपासून रोरी वर आला. "बॉयलर ठणठणीत आहे, काकू. हा थर्मोस्टॅटही बिघडलेला नाही. कुणीतरी फोनवरून तापमान खाली आणतंय." कुणीतरी म्हणे! नाताळात आलेला माझा लेक हे यंत्र भिंतीवर ठोकून टोरांटोला परत गेला, दुसरं कोण? या घरात तापमानाला हात लावायचा हक्क एकट्या माझ्या नवऱ्याचा होता. थंडी वाजते म्हटलं, की "स्वेटर घाल" म्हणायचा. तो गेला, तर आता लेक गादी चालवतोय, तीही टोरांटोत बसून! बॉयलरचं तेल माझ्या पैशाचं, हाडं माझी, आणि हुकूम याचा? "काढ ते," मी म्हटलं. रोरी चाचरला, "अहो, चांगली चालू वस्तू आहे." "माझ्यासाठी बिघडलेलीच आहे. काढ!" त्याने गाडीतून साधा, हाताने फिरवायचा गोल थर्मोस्टॅट आणून बसवला. मी तो स्वतः फिरवला. खाली बॉयलर घुरघुरला, खोल्यांतले लोखंडी रेडिएटर टकटक वाजत तापू लागले. तेवढ्यात लेकाचा फोन आला. "आई, तुझ्या घराचं तापमान मला इथे दिसत नाहीये!" "मग ये की इकडे," मी म्हटलं, "आणि रेडिएटरला हात लावून बघ."